उन्हाकडची कमान

पूल माणसांना जोडतो, असं जगातल्या सगळ्या शहाण्या लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. त्यांपैकी एकाचंही घर पुलाशेजारी नसावं. कबूददऱ्याच्या दगडी पुलानं गेली तीनशे वर्षं दोन्ही काठांना इमानेइतबारे भांडणाची सोय करून दिली आहे. पूल नव्हता तेव्हा म्हणे लोकांना नदीपलीकडे ओरडून शिव्या द्याव्या लागत, आणि पाण्याच्या आवाजात निम्म्या वाया जात.

पूल तसा लहानच. दोन कमानी, मध्ये एक जाडजूड खांब, आणि पाणी फाकवायला त्या खांबाला वरच्या अंगानं होडीच्या नाळीसारखं काढलेलं टोकदार नाक. कमानी गोल नाहीत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवावीत तशा वर जाऊन टोकाशी मिटतात. वरचा रस्ता इतका अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर ट्रक थांबतो. गाढव थांबत नाही.

नदीच्या एका अंगाला उन्हाकडचे राहतात, दुसऱ्या अंगाला सावलीकडचे. उन्हाकडची कमान उस्तो, म्हणजे कसबी गवंडी, नियोझच्या पूर्वजानं बांधली. ती कधी पडली नाही. सावलीकडची कमान उस्तो खोलमुरोदच्या पूर्वजानं बांधली. ती पडते.

एवढी एकच गोष्ट नियोझच्या आयुष्याचा अभिमान होती, आणि त्याच्या आयुष्याचा सत्यानाशही त्याच एका गोष्टीनं केला होता.

कारण कमान पडली की काय होतं ते बघा. आधी सगळं खोरं हळहळतं. मग हशर ठरतो, म्हणजे दोन्ही काठांची माणसं आपापली कामं टाकून फुकट राबायला येतात. बकरी कापली जाते, कढईत ओश, म्हणजे मांसाचा पुलाव, शिजतो, दुशान्बेहून टीव्हीवाले येतात. आणि कमान पुन्हा उभी राहिली की जिल्ह्याचा रईस, म्हणजे सगळ्यात वरचा साहेब, स्वतः येऊन, पुलावर, सगळ्यांदेखत, बांधणाऱ्या उस्तोच्या अंगावर जोमा घालतो: लांब, रुईभरला, रंगीत पट्ट्यांचा झगा. खोलमुरोदकडे असे तीन जोमे होते. शुक्रवारी तो त्यांतला एक घालून पूल ओलांडून मशिदीत यायचा. मशीद उन्हाकडे होती. नियोझच्या घरासमोरून जावं लागायचं.

न पडलेल्या कमानीसाठी नियोझला कुणी कधी साधी टोपीसुद्धा दिली नव्हती.

इतिहास असा आहे, की अमिराच्या काळात कुणा बेगाला, म्हणजे त्याच्या सरदाराला, इथून कारवाँचा रस्ता काढायचा होता. त्यानं दोन उस्तो बोलावले. ते एकमेकांचे मेहुणे होते, त्यामुळे एकानं दुसऱ्याच्या हाताखाली काम करण्याचा प्रश्नच नव्हता. बेगानं पूल मधोमध वाटून दिला. कुणी कुठला काठ घ्यायचा हे मेंढीच्या घोट्याची हाडं फेकून ठरलं. नियोझचा पूर्वज जिंकला आणि त्यानं उन्हाकडचा काठ मागितला, कारण त्याला थंडी वाजायची. तिथे हातभर गोटे उपसले तर खाली अखंड खडक लागला. पलीकडे खोलमुरोदचा पूर्वज खणत राहिला: वाळू, गोटे, पुन्हा वाळू. वर नदीचं वळण असं की बर्फ वितळलं की सगळा लोंढा थेट त्याच काठावर धडकणार.

हे सगळं नियोझला ठाऊक होतं. पण पूर्वजाच्या कर्तबगारीत खडकाचा वाटा किती, हा विषय त्यानं चारचौघांत कधी काढला नाही. तो चुन्याविषयी बोलायचा. "आमच्या चुन्यात लव्हाळ्याची राख आणि उंटिणीचं दूध आहे." सावलीकडचे म्हणायचे, "आमच्या चुन्यात सगळ्या खोऱ्याची अंडी आहेत." यावर नियोझ शांतपणे म्हणायचा, "म्हणूनच फुटते."

या वसंतात ती खोलमुरोदच्या हयातीत चौथ्यांदा फुटली. पहाटे मोठा आवाज झाला. नियोझ अंथरुणातून उठून बाहेर आला, आणि आपली कमान जागच्या जागी उभी असलेली पाहून त्याला आधी आनंद झाला. मग पलीकडच्या काठावर खोलमुरोदभोवती जमलेली गर्दी दिसली. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, कुणी त्याला चहा देत होतं, आणि बायका हुंदके देत होत्या.

"सुरू झालं," नियोझ म्हणाला.

"काय सुरू झालं?" आतून मस्तुरानं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"चौथा जोमा."

"शोदीचे बाबा, माणसाची कमान पडली आहे. जरा तरी वाईट वाटून घ्या."

"वाटतं ना. फार वाटतं. आपली का पडत नाही याचं."

मस्तुरानं चूल पेटवता पेटवता थांबून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला दात दुखताना पाहिलं होतं, दोन्ही मुलगे रशियात कामाला गेले तेव्हा पाहिलं होतं. पण एवढा व्याकूळ कधी पाहिला नव्हता.

हशर ठरला. पहिल्याच दिवशी नियोझच्या दुःखात नवी भर पडली. सावलीकडचा पाया कोरडा करायचा, तर पाणी कुठेतरी वळवायला हवं. म्हणून गोण्यांचा बांध घालून सगळी नदी उन्हाकडच्या कमानीखालून काढली, आणि ये-जा करायला कोरड्या पात्रातून मधल्या खांबाला शिडी लावली. दोघींचं पाणी एकटीनं वाहायचं.

"आजारी पडायचं तिनं, काम करायचं हिनं," नियोझ चायखान्यात म्हणाला. "आणि बकरी कुणासाठी कापली? आजाऱ्यासाठी. जिनं ओझं उचललं तिला कुणी विचारलं का, बाई, तू जेवलीस का?"

"उस्तो, ती कमान आहे," चायखानेवाला म्हणाला.

"तेच तर. तोंड असतं तर बोलली नसती का?"

लोक हसले. नियोझ विनोद करत होता असं त्यांना वाटलं. आपलं कुणी मनावर घेत नाही, हे त्याला आणखी लागलं. समोरच्या चौथऱ्यावर खोलमुरोद टीव्हीवाल्या बाईला पूर्वजांच्या हालअपेष्टा सांगत होता. बाईचे डोळे भरून आले होते. नियोझनं कान दिला. हालअपेष्टा खऱ्या होत्या, हेच सगळ्यात वाईट होतं. आपल्या पूर्वजाला एकही हालअपेष्टा नव्हती. हातभर गोटे आणि खडक. यावर कोण रडणार?

टीव्हीवाली बाई निघताना नियोझकडे वळली. त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"बोबो, तुम्ही इकडचे का?"

"उन्हाकडचा. दुसरी कमान आमची."

"कुठली दुसरी?"

नियोझनं बोट दाखवलं. बाईनं पाहिलं.

"अच्छा, ती! ती तर ठीक आहे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

त्या संध्याकाळी नियोझ आपल्या कमानीखाली गेला आणि एखाद्या वैद्यानं धडधाकट माणूस तपासावा तसा तिचा दगडन् दगड तपासू लागला. सूर्य खाली आला होता, तिरपं ऊन कमानीच्या पोटात शिरलं होतं. आणि त्या उन्हात, काठाच्या बाजूला, हाताच्या उंचीवर, त्याला एक तडा दिसला. केसाएवढा. लांबीला वीत दीड वीत.

आधी तो घाबरला. तीनशे वर्षं! मग त्या भीतीमागून हळूच दुसरं काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे कळल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ती आशा होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं सवरीनोझला गाठलं. सवरीनोझ ही रस्तेखात्याची इंजिनीअर, पोरसवदा, डोक्याला रुमाल, पायांत वडिलांचे रबरी बूट. हशरावर देखरेख करायला तिला जिल्ह्यानं पाठवलं होतं, आणि सगळे म्हातारे तिला "बेटी" म्हणून हाक मारत आणि तिचं एकही ऐकत नसत.

"बेटी," नियोझ शक्य तितक्या खोल आवाजात म्हणाला, "आमचीही गेली."

"कोण गेलं, अमाक?" ती घाबरली.

"कमान."

ती आली. तडा पाहिला, नखानं खरवडला, कान लावून दगडावर ठोकून पाहिलं. मग तिनं मूठभर गंच भिजवला, आमच्याकडचा चटकन घट्ट होणारा पांढरा गिलावा, आणि तड्यावर आडवी एक पट्टी ओढली. "कमान हलत असेल तर ही पट्टी तुटेल," ती म्हणाली. "नाही तुटली तर तडा जुना आहे, काळजी नाही. पलीकडच्या कमानीचा चावीचा दगड, म्हणजे टोकाशी मधोमध बसणारा शेवटचा, बसेपर्यंत वाट बघू. तोवर कुणी हात लावायचा नाही."

बातमी पसरली. नियोझला वाटलं आता चायखान्यात सगळे उठून उभे राहतील. एक-दोघांनी वळून पाहिलं खरं.

"तुझी कमान? छे!" एक म्हातारा म्हणाला. "तुझी कशी पडेल? सूर्य पडेल पण ती पडणार नाही."

"तडा आहे," नियोझ चिडून म्हणाला.

"माझ्या बशीलाही आहे. पन्नास वर्षं चहा पितोय."

या माणसानं आपल्या घराण्याची इतकी स्तुती उभ्या जन्मात केली नव्हती. आणि नेमकी आजच केली होती.

मग नियोझचा एक विचित्र दिनक्रम सुरू झाला. सकाळी नमाज झाली की तो कमानीखाली जाई आणि पट्टी बघे. ती तशीच असे, कोरी, पांढरीशुभ्र, नव्या नवरीच्या दातासारखी. पलीकडे खोलमुरोदची कमान दगडादगडानं वर चढत होती. लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड रचत आणले होते, मधली फट रोज कमी होत होती. पोरं दगड वाहताना गाणी म्हणत. खोलमुरोद साच्यावर उभा राहून ओरडे, "पाठ वर! तोंड खाली! अरे, दगडाचं तोंड, तुझं नव्हे!" आणि खदखदून हशा उसळे. नियोझ आपल्या कमानीखाली एकटा उभा. त्याच्या पायाशी दोघांच्या वाटणीची नदी गरजत होती, त्यामुळे खोलमुरोदचे विनोद त्याला अर्धेच ऐकू येत. ते अर्धे विनोदही त्याला चांगले वाटत, आणि म्हणून तो आणखी जळे.

"तुटली का?" घरी मस्तुरा विचारी.

"नाही."

"अल्लाचे आभार."

"हो," नियोझ म्हणे. एवढ्या पडेल आवाजात अल्लाचे आभार कबूददऱ्यात कुणी मानले नव्हते.

चावीचा दगड बसायच्या आदल्या दिवशी पट्टी तशीच होती. उद्या सवरीनोझ येणार, बघणार, आणि संपलं. दुपारी कढईवरचं झाकण निघालं, ओशाचा वास दोन्ही काठांवर पसरला, माणसं हात धुवायला रांगेत उभी राहिली. नियोझनं घरून छोटी हातोडी आणली होती. ती कमरेत खोचून, वर सदरा ओढून, तो कुणाचं लक्ष नाही असं पाहून उतारानं खाली निघाला. मनाशी तो म्हणत होता की आपण कमानीला हात लावणार नाही आहोत. पट्टी म्हणजे काही कमान नव्हे. पट्टी काल-परवाची. सरकारी.

कमानीखाली खोलमुरोद उभा होता. त्याच्या हातात हातोडी होती.

नियोझनं सदरा आणखी खाली ओढला.

"तू इथे काय करतोस?" नियोझनं विचारलं.

"हवा खायला आलो."

"हातोडी घेऊन?"

"तुझ्या सदऱ्याखाली काय आहे? मूल होणार आहे का?"

नियोझनं हातोडी बाहेर काढली. "माझी कमान आहे. मी तिच्याखाली हातोडी घेऊन येईन, तोफ घेऊन येईन. तुझं काय काम? पट्टी फोडायला आलास! तुझी पडली म्हणून माझीही पडावी?"

खोलमुरोद एका गोट्यावर बसला. तो जाडा माणूस होता. बसला की सावकाश बसायचा, पाया खचल्यासारखा.

"हो," तो म्हणाला. "पडावी असं नाही. फक्त तडा. एकदा. नियोझ, मी सत्तरीला टेकलो. एकदा मला या कमानीवर तडा बघायचा होता. तूच जाऊन तडा आहे तडा आहे म्हणून ओरडलास, आणि मला त्या रात्री बकरीच्या पिल्लासारखी झोप लागली. मग कळलं, पट्टी तुटत नाही. म्हटलं, मदत करावी."

"तीन जोमे आहेत तुझ्याकडे! उद्या चौथा!"

"तीन जोमे म्हणजे काय रे? तीनदा पडली ना माझी! लोक जोमा घालताना तोंडानं म्हणतात, उस्तो, तुमचे हात सलामत राहोत. आणि मनात म्हणतात, पुढच्या वेळी कुठला रंग आणायचा. आणि तुला ठाऊक आहे, साचा काढताना उस्तोनं कमानीखाली उभं राहायचं असतं. तू कधी राहिलायस? तुझ्या बापाला राहावं लागलं? तीनदा मी डोळे मिटून उभा राहिलोय. आणि डोळे उघडले की समोर काय दिसतं? ही. तुझी. ढिम्म. हसत असते मला." त्यानं वर पाहिलं. "माझी सासू मरेपर्यंत पूल ओलांडायची तेव्हा माझ्या कमानीवरून झपाझप चालायची आणि तुझ्या कमानीवर आली की दम खायला थांबायची. माझी सासू!"

नियोझच्या अंगातून एक गोड लहर गेली. तिला काय म्हणायचं ते त्याला कळेना.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"काय?"

"सासूचं."

"सांगतो ना. थांबायची. कठड्याला टेकायची. एकदा तर तिथे बसून सफरचंद खाल्लं तिनं."

"सफरचंद," नियोझ समाधानानं म्हणाला. पण ते समाधान नीट बसायच्या आतच त्याला दुसरं सुचलं, आणि तो पुन्हा अस्वस्थ झाला. इतकी वर्षं जळण्याचं काम या खोऱ्यात आपण एकट्यानं केलं, अशी त्याची समजूत होती. त्यातही हा वाटेकरी निघाला. आणि ऐकायला तर याचं जळणंच जास्त भारी वाटत होतं.

"मग तू का आलास?" खोलमुरोदनं एकदम विचारलं. "हातोडी घेऊन?"

नियोझनं हातोडी पाठीमागे नेली.

"फोडायला!" खोलमुरोद उठून उभा राहिला. "स्वतःची कमान! एका झग्यासाठी! लाज नाही वाटत? अशी कमान अल्लानं मला दिली असती तर मी हिला रोज दुधानं धुतली असती. फोड बघू! फोड, मी उभा आहे."

नियोझनं हातोडी उचलली. पट्टीवर नेली. पांढऱ्या गंचाच्या दोन्ही अंगांना दगड होते, काळपट, गार, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून तीनशे वर्षं उभे. त्याचा हात तिथेच राहिला.

"तू फोड," तो म्हणाला.

"मालक बघत असताना?" खोलमुरोद म्हणाला. "मी काय चोर आहे?"

तेवढ्यात वरून गोटे घरंगळले आणि सवरीनोझ एका हातात ओशाची थाळी सांभाळत खाली आली. दोन उस्तो, दोन हातोड्या आणि मध्ये आपली पट्टी पाहून ती क्षणभर थांबली. मग तिचा चेहरा उजळला.

"ठोकून बघताय का, अमाक? बरं केलंत. मीही तेच सांगणार होते. काल मी वरचा गिलावा थोडा उकरला. तडा दगडाला नाहीच. सोव्हिएत कोल्होझच्या काळात कुणीतरी वरून सिमेंट फासलंय, ते तडकलंय. कमानीला काही झालेलं नाही. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल ही."

"नक्की?" नियोझनं विचारलं.

"नक्की."

"बघ, अजून एकदा बघ. डॉक्टरसुद्धा चुकतात."

"अमाक, मी लिहून देते."

लिहून मिळालेलं माणसाला कुठे अंगावर घालता येतं! नियोझ घरी गेला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला.

चावीचा दगड बसला. चुना आवळायला दिवस दिले. आणि साचा उतरवायचा दिवस उजाडला. दोन्ही काठ माणसांनी भरले होते. जिल्ह्याचा नवा रईस आला होता. त्याची नेमणूक हिवाळ्यात झाली होती, आणि हे खोरं तो पहिल्यांदाच बघत होता. त्याच्या माणसानं परातीत घडी घातलेला जोमा आणला होता, निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचा, त्यावर कमरेला बांधायचा भरतकामाचा रुमाल. नियोझ आपल्या कमानीवर, खोलमुरोदची सासू टेकायची म्हणे तिथे, कठड्याला टेकून उभा होता. परात त्याच्या समोरून गेली.

"जांभळा," तो मस्तुराला म्हणाला. "त्याला जांभळा शोभत नाही. त्याच्या नाकाला तो आधीच आहे."

"गप्प उभे राहा."

खोलमुरोद उतारानं खाली गेला, कोरड्या पात्रात, आपल्या नव्या कमानीखाली, साच्याच्या खांबांच्या मधोमध, आणि दोन्ही हात पोटावर बांधून उभा राहिला. गर्दी शांत झाली. सगळ्या खोऱ्याचे डोळे त्या एका जाड्या म्हाताऱ्यावर होते. याआधी नियोझनं हे तीनदा पाहिलं होतं आणि तीनदा त्याला फक्त जोमा दिसला होता. आज त्याला खोलमुरोदचे मिटलेले डोळे दिसले. आणि मग शेजारी कुणीतरी हळूच म्हणालं, "काय छाती आहे माणसाची!"

झालं. मस्तुरानं बाही पकडायच्या आत नियोझ खाली निघाला होता.

"अहो! शोदीचे बाबा! कुठे?"

"छाती काय त्याला एकट्यालाच दिली आहे?"

खोलमुरोदनं पायांचा आवाज ऐकून एक डोळा उघडला.

"तू कशाला आलास?"

"सार्वजनिक पूल आहे."

"नियोझ, चेष्टा नाही. ही माझी कमान आहे. तुला ठाऊक आहे ती कशी आहे."

"ठाऊक आहे म्हणून आलो. पडली तर लोक म्हणतील, नियोझ दुसऱ्याच्या कमानीखाली मेला. एवढी मोठी नामुष्की आमच्या घराण्यात झालेली नाही. तेव्हा पडू देऊ नकोस."

"माझ्या हातात आहे का आता?"

"मग कुणाच्या हातात आहे? अंड्यांच्या?"

खोलमुरोदच्या पोटावरचे हात हसण्यानं हलले. वरून हुकूम सुटला. पोरांनी घणाचे घाव घालून खांबांच्या बुडच्या पाचरी उडवायला सुरुवात केली. एक पाचर. दुसरी. प्रत्येक घावाबरोबर दोन्ही म्हातारे एकमेकांच्या जवळ सरकत होते, आणि आपण सरकलो हे दोघांनाही मान्य नव्हतं. शेवटची पाचर निघाली आणि सगळा साचा कण्हत वीतभर खाली बसला. कमान एकटी उरली. वर कुठेतरी दगडानं दगडाला घट्ट धरल्याचा खोल, दबका आवाज झाला, आणि मग फटींमधला सगळा सुटा चुना एकदम खाली आला. काहीच दिसेना. नियोझनं कुणाचा तरी हात पकडला होता. तो हात घामानं भिजलेला होता आणि मग एकदम सुटून गेला.

मग वरून आरोळी उठली. कमान उभी होती.

पांढऱ्या धुळीतून दोन पांढरे म्हातारे बाहेर आले. भुवया पांढऱ्या, दाढ्या पांढऱ्या, टोप्या पांढऱ्या. दोघांना ओळखायचं तर त्यांच्या बायकांनाच बोलवावं लागलं असतं. रईस काठावर उतरून वाट बघतच होता. त्यानं दोघांकडे पाहिलं. मागचा म्हातारा मान खाली घालून, दोन्ही हात पोटावर घट्ट बांधून उभा होता, मोठ्यांसमोर लहानांनी उभं राहावं तसा. पुढच्याची छाती पुढे होती. रईसनं पुढच्याला निवडलं.

"उस्तो!" तो म्हणाला आणि नियोझच्या खांद्यांवर जोमा चढवला. "तुमच्यासारख्या मनगटांच्या जोरावर हे खोरं उभं आहे! पुन्हा पुन्हा पडून पुन्हा पुन्हा उभं राहणं—"

नियोझनं तोंड उघडलं. पण जिल्ह्याच्या रईसचं वाक्य अर्ध्यात तोडायची पद्धत कबूददऱ्यात नव्हती, आणि हे वाक्य लांब होतं. काठावरच्या लोकांनी काय झालं ते पाहिलं होतं. कुणी काही बोललं नाही. बरीच माणसं दाढीत तोंड लपवून हसत होती. रईसनं बोलता बोलताच भरतकामाचा रुमाल नियोझच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

जोमा उबदार होता. खांद्यांवर इतकं वजन असतं हे नियोझला माहीत नव्हतं. त्यानं घाबरत घाबरत मागे पाहिलं. आता खोलमुरोद पुढे येईल आणि म्हणेल, साहेब, हा नव्हे, मी. एका शब्दाचं काम होतं.

खोलमुरोद हलला नाही. हात पोटावर तसेच घट्ट, मान तशीच खाली.

आणि नियोझला कळलं. सगळ्या खोऱ्यादेखत, आपला चौथा जोमा, मरणाखाली उभं राहून कमावलेला, हा माणूस गुमान दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देत होता. उंटिणीचं दूध, अंडी, सासू, सफरचंद, आयुष्यभराचं सगळं जळणं नियोझच्या डोळ्यांतून चुन्याबरोबर वाहून गेलं. भाषण संपलं, टाळ्या सुरू झाल्या, तसा तो मागे सरकून खोलमुरोदशेजारी आला.

"खोलमुरोद," तो म्हणाला, "हा तुझा आहे. मी आत्ता काढतो, सगळ्यांसमोर सांगतो."

"नको. राहू दे अंगावर."

"नाही, मी सांगणार. तुझ्यासारखा मनाचा मोठा माणूस या नदीच्या दोन्ही काठांवर—"

"हळू बोल. आणि जवळ ये. आणखी जवळ, माझ्यासमोर उभा राहा." खोलमुरोदचे ओठ जेमतेम हलत होते. "शेवटची पाचर निघाली तेव्हा माझ्या इजारीची नाडी तुटली. मी हात सोडू शकत नाही. जोमा तुला राहू दे, तेवढा कमरेचा रुमाल सोडून दे."